राज्यशास्त्र शिकलात? मग हापूसची फाईल उघडा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं राज्यशास्त्रात एम.ए. करतात आणि स्पर्धा परीक्षा किंवा प्राध्यापकी, एवढ्याच वाटा पाहतात. व्यापार आणि तंत्रज्ञान धोरणाचं काम त्यांना दिल्लीकरांचं वाटतं. मला हे फार खटकतं, कारण या कामाच्या सरावाला लागणारा कच्चा माल आपल्या किनाऱ्यावरच पडून आहे.

हे काम मुळात बारीक वाचनाचं. जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) सदस्य देशाला अन्नसुरक्षा किंवा कीड-रोगांबद्दल नवा नियम आणायचा असेल, तर तो देश मसुदा आधी जिनिव्हाला, संघटनेच्या मुख्यालयात कळवतो. या सूचना ‘ई-पिंग’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. देश आणि माल निवडून ठेवला की ईमेल येतो. सूचनेतला तिसरा रकाना मालाचा, आठवा आंतरराष्ट्रीय मानकाचा, बारावा हरकतींच्या शेवटच्या तारखेचा. मुदत साधारण ६० दिवस. सूचना तातडीची असेल तर नियम बहुधा लागूही झालेला असतो.

नवखे अडखळतात ते तिसऱ्या रकान्यात. ०८०४५० हा सहा आकडी संकेतांक पेरू, आंबा आणि मँगोस्टीन या तिघांचा मिळून आहे. शीर्षकात पेरू दिसला म्हणून पान बंद केलं, तर आंबा निसटू शकतो. सोबत जोडलेला मूळ मसुदा उघडायचाच.

सरावाला २०१४ चं प्रकरण घ्या. १ मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आदल्या वर्षी भारतीय फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी पुढच्या हंगामाआधी उठली. युरोपसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं, ही प्रक्रिया त्यातूनच रुळली. अमेरिकेला फळमाशीबरोबर कोयीतला भुंगाही नको, म्हणून तिकडे किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रेचं विकिरण, म्हणजे फळावर किरणांचा मारा, लागतं. आणि तेवढ्यानेही भागत नाही: मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या, त्या ‘पीपीक्यू २०३’ या तपासणी-प्रक्रियेच्या दाखल्यातल्या त्रुटीवर. फळ तिथेच नष्ट करावं लागलं.

आता हरकत लिहून पाहा, एका पानात. ती थेट जिनिव्हाला जात नाही, आपल्या सरकारमार्फत जाते. ‘बागायतदारांचं नुकसान होईल’ हे खरं असलं तरी कायद्यापुढे टिकत नाही. या सूचना ज्याखाली येतात त्या स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्य कराराचं कलम ५.६ धरा: दुसरा उपाय व्यवहारात शक्य आहे, तेवढंच संरक्षण देतो आणि व्यापाराला बऱ्याच कमी प्रमाणात अडवतो. तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, एक जरी सुटली तर मुद्दा पडतो. नियमामागे धोक्याचं मूल्यमापनच नसेल तर कलम ५.१.

राज्यशास्त्र खरं कामाला येतं कोळंबी-कासव वादात. वेळास-आंजर्ल्याला जी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, ती ट्रॉलच्या जाळ्यातून निसटावीत म्हणून जाळ्यात सुटकेची चौकट बसवण्याची अट अमेरिकेने कोळंबीच्या आयातीला घातली. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंडने डब्ल्यूटीओकडे तक्रार केली. ऑक्टोबर १९९८ च्या अपील निकालाचं ‘अमेरिका हरली’ एवढंच वाचलं जातं. प्रत्यक्षात कासव वाचवण्याचा हेतू मान्य झाला, अंमलबजावणीतला भेदभाव नाकारला गेला. अमेरिकेने पद्धत सुधारली आणि २००१ मध्ये मलेशियाचं आव्हान टिकलं नाही. कोणाला वाटाघाटीला बोलावलं, कोणाला किती मुदत दिली, यावर निकाल फिरला. हा सत्तेचाच अभ्यास आहे.

तंत्रज्ञानाकडे वळायचं तर वाचनाची रीत हीच, फक्त करार व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांचा. त्याच्या सूचनाही ई-पिंगवरच येतात.

पुढे भारतीय व्यापार सेवा (यूपीएससीतून) आहे, दिल्लीतलं डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आहे, धोरण-संशोधन संस्था आहेत. अर्जासोबत प्रबंधाचा सारांश जोडण्यापेक्षा आंब्यावरच्या एखाद्या खऱ्या सूचनेवर लिहिलेली एक पानी हरकत जोडा.