पट्टीवर न उमटलेली साखर

तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवताना रक्त आणि लघवीचे अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत, की माझा पहिला संशय नमुन्यांच्या अदलाबदलीवर जातो. नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह असलेल्या एका निवृत्त गुरुजींच्या बाबतीतही तेच झाले. उपाशीपोटी रक्तातील साखर २६८ आणि लघवीच्या पट्टीवर साखर निरंक! साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरू लागते, म्हणून मी पुन्हा नमुना घेतला आणि पट्ट्यांची नवी बाटली फोडली. रंग तरीही बदलला नाही. साखर ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, तांबे असलेल्या बेनेडिक्टच्या द्रावणात मात्र तोच नमुना विटकरी झाला, म्हणजे साखर असल्याची खूण दिसली.

औषधांची चौकशी केल्यावर गुरुजींनी पिशवीतून क जीवनसत्त्वाच्या पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्या काढल्या. ते रोज सहा घेत होते. मधुमेहाच्या मुळाशी ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा अतिरेक, असतो आणि क जीवनसत्त्व असे रेणू शमवते, असे त्यांनी वाचले होते, आणि ते निराधार नव्हते. साखर वाढली की पेशींतील ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये सुपरऑक्साइड हा असाच एक रेणू अधिक तयार होतो. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत कॅटलेजसारखी संरक्षक विकरे (एन्झाइम) मुळातच कमी असल्याने त्यांना त्याची झळ लवकर लागते. पण त्यावरून गोळ्यांचा उपयोग सिद्ध होत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा, ज्यांत मधुमेही मोठ्या संख्येने होते, सुमारे साडेचार वर्षे पाठपुरावा झाला आणि क सारखेच हे रेणू शमवणाऱ्या ई जीवनसत्त्वाने हृदयविकार टळल्याचे दिसले नाही.

गुरुजींच्या गोळ्यांनी आपले काम केले होते, पण ते पट्टीवर. पट्टीतील विकर साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि त्या पेरॉक्साइडमुळे रंग उमटतो. लघवीत भरपूर उतरलेले क जीवनसत्त्व ते पेरॉक्साइड आधीच संपवून टाकत होते. बेनेडिक्टचीही साक्ष निखळ नव्हती, कारण त्यातील तांब्याचे क्षपण, म्हणजे साखर घडवते तोच रंगबदल, क जीवनसत्त्वही करते.

खरी काळजी पुढच्या वाक्याने वाटली. बोटाला सुई टोचून घेणे नको म्हणून ते घरी याच पट्ट्या वापरत होते, आणि महिनाभर 'निरंक' दिसल्यामुळे त्यांनी मेटफॉर्मिनची संध्याकाळची गोळी परस्पर बंद केली होती. मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

क जीवनसत्त्व थांबवून चार दिवसांनी ते आले, तेव्हा पट्टी अर्ध्या मिनिटात गडद तपकिरी झाली. गुरुजी बराच वेळ ती न्याहाळत राहिले. मग त्यांनी विचारले, "लिंबू तरी चालेल ना?"