रात्रभर मुरवलेली कोळंबी आणि माझी फजिती

आधीच सांगून ठेवते, कोळंबीच्या रेसिपीत कुठेही "रात्रभर मुरू द्या" असं दिसलं की आत लिंबाचा रस किती आहे ते बघा. भरपूर असेल तर ती रेसिपी तिथेच बंद करा. मी केली नाही.

शनिवारी दहा माणसं जेवायला होती आणि मला ऐनवेळी गॅससमोर उभं राहायचं नव्हतं, म्हणून थंडच दोन प्रकार ठरवले. एक लिंबू, मिरची, कोथिंबिरीचा आणि दुसरा तेल, थोडं व्हिनेगर, कांदा, मोहरी, तमालपत्र असा लोणच्याच्या अंगाचा. एकेक किलो कोळंबी. सोलणं, पाठीतला काळा धागा काढणं वगैरे शुक्रवारी संध्याकाळी उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, बोटं दुखली एवढंच.

उकडून, गार करून दोन्ही भांडी फ्रीजमध्ये ठेवली आणि लिंबाच्या भांड्यात सहा लिंबं पिळून मी निवांत झोपले. सकाळी बघते तर रंग छान, वास छान, मी खूश. चव बघायला एक तोंडात टाकली तर चावतेय चावतेय, संपेचना! वरून वातड आणि आत खडू खाल्ल्यासारखी पिठूळ. म्हटलं एखादी असेल अशी, दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. सगळ्या तशाच. भाचा शेजारी उभा होता, त्याने एक उचलली आणि म्हणाला, "मावशी, यात खोडरबर घातलंस का?"

मला इतका राग आला ना, म्हणजे भाच्याचा नाही, त्या रेसिपीचा. कारण नंतर डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की हे होणारच होतं. आचेवर कोळंबीतली प्रथिनं जशी आवळतात तशीच आंबटानेही आवळतात. म्हणजे मी शुक्रवारी ती एकदा शिजवली होती आणि मग रात्रभर लिंबाने तिला परत शिजवत बसले. दुसऱ्या भांड्यातली मात्र ठीक होती, कारण तिथे तेल भरपूर आणि आंबट जेमतेम. एका फ्रीजमध्ये, एका रात्रीत, शेजारी शेजारी ठेवलेली दोन भांडी आणि इतका फरक!

मग कोणी म्हणेल, कच्चीच लिंबात टाकायची, सेविचेत (कच्ची मासळी लिंबाच्या रसात मुरवून करतात तो लॅटिन अमेरिकन पदार्थ) टाकतात तशी. ते मी मुद्दामच टाळलं. लिंबात कच्ची कोळंबी पांढरट-गुलाबी होऊन शिजल्यासारखी दिसते खरी, पण जंतू मरतीलच याचा भरवसा नाही, आणि पाहुण्यांमध्ये एक गरोदर होती.

तर शनिवारी सकाळी पुन्हा एक किलो आणली. या वेळी फ्रोजन मिळाली, बर्फाचा दगड. पाणी आत जाणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवली आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदललं. घाई असली तरी गरम पाण्यात टाकू नका, बाहेरून अर्धवट शिजते आणि आत बर्फच राहतो. आणि हो, वरच्या बर्फाचंही वजन असतं, त्यामुळे जरा जास्तच घ्या.

उकळत्या मिठाच्या पाण्यात थोडी थोडी टाकायची, मध्यम आकाराची असेल तर दोन-तीन मिनिटं पुरतात. वळून इंग्रजी सी सारखी झाली की काढायची, ओ सारखी गोल झाली म्हणजे उशीर झाला. काढली की लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर आतल्या गरमीने शिजतच राहते. आणि मग निथळून कपड्याने कोरडी करा, अगदी कोरडी, कारण पहिल्या वेळी मी तेही केलं नव्हतं आणि सकाळी तळाशी वाटीभर फिकं पाणी होतं.

आता लिंबू. कोळंबीला फक्त तेल, मीठ, मिरची, लसूण आणि किसलेली लिंबाची साल लावून दुपारी फ्रीजमध्ये ठेवली. साल किसताना पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, कडू होतं. रस मात्र पाहुण्यांनी चपला काढल्यावर, म्हणजे वाढायच्या वीसेक मिनिटं आधी! भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, आंबटाने चव धातूसारखी होते. कोळंबी थंड झाल्यावर मीठ परत चाखून बघा, गार पदार्थात त्याची चव कमीच जाणवते.

भाच्याने तीनदा घेतली. मी मोजत होते. खोडरबरवाली दुसऱ्या दिवशी बारीक चिरून ऑम्लेटमध्ये घातली, कोणाला कळलं नाही.

हो, एक राहिलंच, ऑलिव्ह ऑइल वापरलंत तर फ्रीजमध्ये थिजून पांढऱ्या गाठी होतात. घाबरू नका, पंधरा मिनिटं बाहेर ठेवलं की सुटतात. पण वाढल्यावर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, उरलेली उचलून सरळ फ्रीजमध्ये.