पेल्यातलं जिरं, तलावातला मासा

हॅचरीवाल्याला, म्हणजे माशांची अंडी उबवून बीज काढणाऱ्याला, सगळे एकच विचारतात, यंदा जिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किती काढलं? आकडा लाखांत असतो, सांगायला बरा वाटतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या आदिवासी मच्छीमार संस्थांसाठी गोल हॅचरी चालवताना मी मात्र वहीत पहिल्या ओळीवर दुसराच आकडा लिहितो. फेब्रुवारीत मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळं ओढल्यावर किती मासे असल्याचा हिशेब निघतो, तो. या दोन आकड्यांच्या मध्ये काय काय होतं, त्याचा हा अनुभव.

काम फेब्रुवारीपासून लागतं. कटला, रोहू, मृगळ यांचे दोन ते चार वर्षांचे प्रजनक काढायचे आणि नर-मादी वेगळ्या तळ्यांत ठेवायचे. हेक्टरी १५०० ते २००० किलोच्या वर भरणा नको. शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे, माशांच्या वजनाच्या २ ते ३ टक्के. एप्रिल-मेमध्ये अधूनमधून ताजं पाणी द्यावं लागतं, नाहीतर गाभोळी नीट भरत नाही. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. कारण साधं आहे. कोंड्याने फुगलेलं पोट आणि अंड्यांनी भरलेलं पोट नवख्याला सारखंच दिसतं. अंड्यांचं पोट गुदद्वारापर्यंत मऊ लागतं, द्वार सुजून गुलाबी होतं आणि छातीचा पर आतून गुळगुळीत असतो. नराचा तोच पर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो, आणि पोट हलकं दाबलं की दुधासारखी धार येते. धार पाण्यात पडल्यावर विरघळली पाहिजे. गुठळी राहत असेल तर तो नर बाजूला काढा.

पहिला चांगला पाऊस पडून पाणी २७ ते २९ अंशांवर आल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरींनी पियुषिका ग्रंथी वापरून भारतीय कार्पचं, म्हणजे याच कटला-रोहूच्या कुळातल्या माशांचं प्रजनन जमवलं, तेव्हा माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढून खलायला लागायच्या. आता बाटलीतलं तयार संप्रेरक मिळतं आणि एकच डोस पुरतो. ओव्हाप्रिम या अशाच संप्रेरकाचं आमचं माप असं: रोहू मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, कटल्याला ०.४ ते ०.५, मृगळीला ०.२५ ते ०.३, आणि नरांना ०.१ ते ०.२. म्हणजे दोन किलोच्या रोहू मादीला साधारण ०.७ मिली. मासा ओल्या फडक्यात गुंडाळून छातीच्या पराच्या बुडाशी, सुई तिरपी धरून. सरळ खुपसली तर काळजाला लागते. वजन अंदाजाने धरू नका, काट्यावर घ्या. डोस कमी पडला तर मादी अर्धी अंडी टाकून थांबते आणि ती मादी त्या हंगामापुरती गेली.

वेळ संध्याकाळी पाच ते सहाची. ८ मीटर व्यासाच्या प्रजनन हौदात मीटरभर पाणी असलं की ५० घनमीटर होतं, त्यात घनमीटरला ३ किलोप्रमाणे दीडशे किलो मासे. नर-मादी वजनाने सारखे. रात्री पाणी गोल फिरवत ठेवायचं. साधारण आठ-दहा तासांनी, मध्यरात्रीनंतर खळबळ सुरू होते. अंडी पाण्यात फुगायला तास-दीड तास लागतो. त्याच्या आधी हलवली तर पातळ कवच फाटतं, म्हणून घाई नको.

आता ३ मीटरचे उबवणी हौद. इथे घनमीटरला ७ लाख अंडी हे कमाल माप आहे. बुडाशी बदकाच्या चोचीसारख्या तोट्या ४५ अंशांत बसवलेल्या असतात, त्यांच्यामुळे पाणी गोल फिरतं. वेग मोजायला यंत्र लागत नाही. वाळकं पान कडेला सोडा आणि फेरी मोजा. कडेने फेरी साधारण ९ मीटरची. पहिले बारा तास पान २५ ते ३० सेकंदांत फिरून आलं पाहिजे. पिल्लं फुटायला लागली की पाणी कमी करून फेरी एका मिनिटाच्या वर न्यायची, कारण कोवळं जिरं तेवढा जोर सोसत नाही. ते आडवं पोहायला लागलं की पुन्हा तीस सेकंद. एखादी तोटी गाळाने तुंबली तर तिच्या पुढ्यात अंड्यांचा ढीग साचतो आणि तासाभरात खालचा थर पांढरा पडतो. म्हणून हौद भरण्याआधी प्रत्येक तोटीसमोर हात धरून धार बघायची.

पाच-सहा तासांनी पांढऱ्या ताटलीत दोनशे अंडी घेऊन मोजा. काचेसारखी ती फळलेली, दुधाळ ती मेलेली. सत्तर टक्क्यांच्या खाली असतील तर दोष बहुतेक वेळा प्रजनकांत असतो, हौदात शोधत बसू नका.

१४ ते २० तासांत अंडी फुटतात, आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. फुटलेली कवचं मधल्या गोल जाळीला चिकटतात. जाळी तुंबली की पाणी चढतं आणि जाळीच्या काठावरून जिरं सरळ नालीत जातं. त्या तीन-चार तासांत एक माणूस हौदात उभा पाहिजे. हाताच्या तळव्याने जाळी बाहेरून आत थोपटत राहायची, दर दहा-पंधरा मिनिटांनी. ब्रश नको, ब्रशच्या केसांत जिरं अडकून मरतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि हंगाम नेमका रोवणीचा, माणसं शेतात. मी दोन माणसांची मजुरी मेमध्येच ठरवून ठेवतो.

दुसरा घात लाईनचा. दोन उबवणी हौदांना मिळून सेकंदाला अडीच लिटर पाणी लागतं, म्हणजे तासाला ९००० लिटर. २५ हजार लिटरची टाकी पावणेतीन तासांत रिकामी. पावसाळ्यात आमच्याकडे लाईन पावणेतीन तासांत परत येईलच असं नाही. डिझेल पंप भरून, चालवून ठेवल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. बोअरचं पाणी थेटही सोडू नका. त्यात प्राणवायू कमी आणि लोह जास्त असतं. फवारा मारून टाकीत पडू द्यायचं. तांबूस साका बसला तर टाकी धुवायची.

तिसऱ्या दिवशी, ७२ तासांच्या सुमारास, पोटाखालची पिवळी पिशवी संपत आली की जिरं काढायचं. मिलीलिटरला साधारण ५००, म्हणून ४० मिली मापाच्या, छिद्रं असलेल्या पेल्यात वीस हजार. पण दर हंगामात एक पेला ताटात ओतून खरोखर मोजून घ्या. कटल्याचं जिरं मोठं, पेल्यात कमी बसतं. पेला गच्च भरला की झिरपून भरला, यानेही हजार-दोन हजारांचा फरक पडतो. घेणारी आणि देणारी संस्था यांची भांडणं याच पेल्यावरून होतात.

संगोपन तळं तोवर तयार हवं. २० बाय २५ मीटरचं, मीटरभर पाण्याचं तळं धरा. जिरं सोडायच्या तीन आठवडे आधी १२५ किलो मोहाची ढेप भिजवून पसरायची. तिच्यातलं सॅपोनिन नको असलेल्या माशांच्या रक्तपेशी फोडतं. पंधरा-वीस दिवसांत विष उतरतं आणि उरलेल्याचं खत होतं. मेलेले मासे खायला चालतात. आमच्या भागात ही ढेप घरची, बाहेरची औषधं आणायची गरज नाही. चुना १० किलो. मग शेंगदाणा ढेप, शेण आणि सुपर फॉस्फेट भिजवून थोडं थोडं. ५० लिटर पाणी प्लवंग (पाण्यातले सूक्ष्म जीव, जिऱ्याचं खाद्य) धरणाऱ्या बारीक जाळीतून गाळल्यावर नळीच्या तळाशी मिलीभर साका दिसला की तळं तयार.

पाण्यातले किडे लोक विसरतात. उलटे पोहणारे, होडीच्या आकाराचे किडे एका रात्रीत जिऱ्याचा फडशा पाडतात. पावणेतीन किलो स्वस्त तेल आणि किलोभर साबण गरम पाण्यात घोटून, वारा पडलेला असताना सगळ्या पाण्यावर शिंपडायचं. तवंगामुळे त्यांना वर येऊन हवा घेता येत नाही. जिरं त्यानंतर बारा ते चोवीस तासांनी. वारा असेल तर तवंग एका काठाला गोळा होतो आणि तेल वाया जातं.

अशा तळ्यात दोन लाख जिरं. पहिले पाच दिवस रोज १२०० ग्रॅम ढेप-कोंड्याची पूड, नंतर २४०० ग्रॅम. पंधरा-वीस दिवसांत इंचभर बीज होतं आणि ३० ते ४० टक्के जगतं. सत्तर हजार मिळाले तर छान म्हणायचं. बांधापलीकडच्या धानाच्या बांधीत फवारणी होणार असेल तर पाण्याचा आवक पाइप आधी बंद करा.

हे सत्तर हजार बीज दुसऱ्या, मोठ्या तळ्यात हेक्टरी दोन ते तीन लाखांच्या हिशेबाने तीन महिने वाढवलं की चार इंचांची पंचेचाळीस हजारांच्या आसपास बोटुकली होते. दहा हेक्टरच्या मामा तलावाला ती पुरते. इथे माझा बऱ्याच जणांशी वाद होतो. ऑगस्टमध्ये इंचाचं बीज स्वस्त मिळतं, वाहून नेणं सोपं, म्हणून तेच तलावात ओततात. तेव्हा सांडवा धो धो वाहत असतो, आणि मरळ, शिवडा टपलेले असतात. इंचाचं बीज त्यांच्या तोंडातलं. सांडव्यावर बारीक जाळी लावली तर पालापाचोळ्याने तुंबून पाळीवर ताण येतो, आणि पाळ फुटली तर तलावही नाही आणि धानही नाही. बांबूची ताटी बोटभर फटीची ठेवावी. ती चार इंची बोटुकली सगळी अडवत नाही, मोठे मासे अडवते. म्हणून सांडवा थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सोडावं. कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० हे प्रमाण.

वाहतुकीआधी बोटुकली चोवीस तास हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवावी, पोट साफ होतं. जिरं पिशवीत नेताना एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. तलावावर पोचल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी आत घ्या. वाटेतली मर किती, हे त्याच दिवशी कळत नाही. म्हणून दोनशे बोटुकल्या तलावातच हाप्यात ठेवून ४८ तासांनी मेलेल्या मोजायच्या. वीस मेल्या तर एकूण भरण्यातून दहा टक्के वजा. ही वजाबाकी न केलेली वही मी खरी धरत नाही.

मग महिन्यातून एकदा पाहणी. पहाटे सूर्य उगवायच्या आत प्राणवायू मोजायचा, दुपारी मोजला तर सगळेच तलाव निरोगी दिसतात. काळ्या-पांढऱ्या तबकडीने पारदर्शकता ३० ते ४० सेंटिमीटर बरी. प्रत्येक जातीचे तीस मासे लांबी-वजनाला. मासा किती भरला ते कळायला वजन ग्रॅममध्ये घेऊन शंभरने गुणायचं आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचं. ३० सेंटिमीटरचा ४०० ग्रॅमचा कटला १.४८ येतो. पुढच्या महिन्यात लांबी वाढली आणि हा आकडा घसरला, तर तलावात खाणारी तोंडं जास्त झाली.

फेब्रुवारीत संख्या. एका ओढणीत समजा ३०० रोहू निघाले. पोटाच्या डाव्या पराचा कोपरा कात्रीने कापून परत सोडायचे. चार-पाच दिवसांनी पुन्हा ओढायचं, २८० निघाले, त्यात १२ कापलेले. तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून ३०१ गुणिले २८१, भागिले १३, वजा १, म्हणजे तलावात सुमारे ६५००. रोहू सोडले होते साडेतेरा हजार, तर जवळपास निम्मे आहेत. प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा करा. मृगळ चिखलाला चिकटून जाळ्याखालून निसटते, तिला कटल्याच्या हिशेबात घातलं की दोन्ही आकडे बिघडतात. दोन्ही वेळा तेच जाळं हवं, आणि दुसरी ओढणी तलावाच्या सगळ्या बाजूंनी.

तलावाखालच्या नाल्यांत आम्ही बीज सोडत नाही. उन्हाळ्यात जे डोह उरतात तिथे मरळ, शिंगी, वाम, कानस यांचं घर असतं, तिथे फक्त मोजणी. दर महिन्याला तेच डोह, जाळ्याचे तेवढेच फेक. डोहात कापलेल्या पराचा रोहू सापडला तर सांडव्यावरून निसटला हे पुराव्यानिशी कळतं. टिलापिया हा परदेशी मासा दिसला तर तारखेसह नोंद. थाई मांगूर हा दुसरा परदेशी मासा दिसला तर परत सोडायचाच नाही, त्याच्या संवर्धनावर बंदी आहे. ही वही ग्रामसभेपुढे वाचतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क आहे, त्यामुळे डोहात बॅटरीचा करंट किंवा ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्याला थांबवायचा अधिकार गावाला सांगता येतो.

फेब्रुवारीच्या ओढणीतच लोक म्हणतात, हे चांगले वाढलेत, यांनाच प्रजनक करू. सगळे तलाव एकाच हॅचरीचे असतील तर ते भावंडंच निघतात, आणि दोन-तीन पिढ्यांत वाढ खुंटते. नर आपल्या तलावातले घेतले तर माद्या दुसऱ्या हॅचरीच्या किंवा नदीतल्या आणायच्या. आल्यावर २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून, वेगळ्या तळ्यात, आणि वहीत कुठून आल्या ते लिहून.