तुला उगाच त्रास नको

राग यावा असं कोणी काही बोललंच नाही, हीच पंचाईत आहे. अख्खं मायग्रेशन मी ओढलं. क्लायंटसमोर मांडायची वेळ आली तेव्हा मॅडम किती मायेने म्हणाल्या, "कॉल रोहन घेईल, तुला उगाच त्रास नको." रोहनने छान घेतला. अवघड प्रश्न आला की चॅटवर मला विचारायचा, मी भराभर टाइप करायचो. मी अडखळतो ते बोलताना, टाइप करताना कुठे अडतो!

टिंगल झाली असती तर बरं होतं. शाळेत हजेरीला 'हजर' निघेना म्हणून पोरं हसायची, तेव्हा चिडायचं कोणावर हे तरी कळायचं. आता अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन'समोर काय येणार ते मला आत्ताच माहीत आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती परत वेखंड उगाळायला बसेल.

लोकांना अडलेला शब्द दिसतो, चुकवलेले दिसत नाहीत. 'प' येतोय हे मला चार शब्द आधीच कळतं. मग 'पैशां'चं 'बजेट' होतं, 'परवा'चा 'बुधवार'. स्वतःचं नाव तेवढं बदलता येत नाही, आणि ते नेमकं 'प'वरून. कॉलच्या सुरुवातीला 'क्विक इंट्रो'ची प्रथा ज्याने काढली त्याला एकदा भेटायचंय. ओठ घट्ट मिटलेले, आत श्वास कोंडलेला, आणि पलीकडून कोणीतरी म्हणतं, "यू आर ऑन म्यूट."

गंमत म्हणजे ऑफिसच्या गणपतीत मंत्रपुष्पांजलीला माझाच आवाज सगळ्यांच्या वर असतो. एवढी जोडाक्षरं, पण एकही अडत नाही. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेक तोतऱ्यांचं अडखळणं जातं. मॅडमच टाळ वाजवत म्हणाल्या होत्या, "काय खणखणीत आवाज आहे रे!" तेव्हा क्लायंटसमोर अख्ख्या टीमने कोरसमध्ये म्हणायचं ठरवलं तर माझी हरकत नाही.

मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये हजारेक माणसं बसतात. बाकीचे असतील कुठेतरी, माझ्यासारखेच ईमेलवर वाघ.

पण तो 'त्रास' नक्की कोणाचा, हे काही सुटत नाही. माझा, की मी अडलो की नजर कुठे वळवावी हे ज्यांना कळत नाही त्यांचा? सोमवारी मॅडमकडे जाणार. फोनवर नाही, समोर. "पुढचा कॉल मी घेतो", एवढंच. 'पुढचा' अडणारच. मग 'नेक्स्ट' म्हणेन. कॉल मिळाल्याशी मतलब.