आबांची वही : ‘मा.’ म्हणजे माळ नव्हे!

मंडळी, आबांच्या शिकारवहीवरून मी काढलेला मागच्या वेळचा आलेख ज्यांनी जपून ठेवला असेल त्यांनी तो पुसून टाका. ‘माळावरचं चितळ १९६३ पर्यंत संपलं आणि उरलंसुरलं शिवारात उतरलं’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. तीन महिने त्यावर मिरवलो. ते सपशेल चुकलं आहे, आणि चूक आकडेमोडीची नाही, वाचण्याची आहे. जास्त चीड त्याचीच येतेय.

वही सगळ्यांना माहीत आहेच. १९५३ ते १९७१, नागपूरजवळचा बाजारगाव ते कोंढाळी पट्टा, बारा बोअरची बंदूक, वकिली अक्षर. दर फेरीला एक ओळ: तारीख, वाट, जनावर, आणि मग ‘शि.’ आणि ‘मा.’ असे दोन रकाने. वर मथळा नाही. आबांना मथळ्याची गरज नव्हती, वही त्यांची स्वतःपुरती होती. मी ‘शि.’ म्हणजे शिवार आणि ‘मा.’ म्हणजे माळ असं धरून चाललो. रानडुकरापुढे कधीकधी ‘सु. २’ येतं, ते मी सुकळी गाव म्हणून लावलं. आपल्या जिल्ह्यात सुकळ्या काय कमी आहेत?

आपल्यातल्या एकाने तेव्हाच विचारलं होतं, ‘सांबर भर दिवसा माळावर कसं?’ मी उत्तर दिलं होतं की तेव्हा जनावर धीट असेल. आता ते उत्तर आठवलं की कानशिलं गरम होतात.

झालं असं की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी आबांच्या वाटेवरच्या एका गावात तूर आणायला गेलो होतो. तिथे पारावर एक बाबाजी भेटले, वय ऐंशीच्या पुढे. बोलता बोलता कळलं की पोरवयात ते आबांच्या शिकारीत हाकेवाले (जनावर हाकून आणणारे) होते, पुढे वाट दाखवायलाही तेच. मी गाडीच्या डिकीतून वहीच्या छायाप्रती काढल्या. बाबाजींना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं: ‘चितळ, शिवारात नऊ, माळावर तेवीस.’

बाबाजी हसायलाच लागले. “माळावर काहाचे तेवीस बावा! वकीलसाब पुस्तक धरून मांगं चालत, मी पुढं. तोंडानं बोलाचं नाही. दोन बोटं डोक्याले लावली का शिंगवाला, हात खाली पाडला का मादी. साब तसं लिहून घेत.”

शिंगवाले आणि माद्या! आणि ‘सु.’? “सुळेवाला,” बाबाजी म्हणाले, “डुकराचा. सुकळी तं तिकडं राह्यली.”

तुरीची पिशवी पारावरच विसरून आलो.

आता खरा गुंता सुरू होतो, आणि गेले तीन आठवडे मी त्यातच आहे. ‘मा.’चा रकाना १९६१ नंतर विरळ होतो आणि १९६३ नंतर कोराच आहे. माझा सगळा ‘माळ संपला’ सिद्धांत त्या कोऱ्या जागेवर उभा होता. माद्या काही एका वर्षात जंगलातून नाहीशा होत नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षीचे शिंगवाले आले कुठून? म्हणजे माद्या होत्या, आबांनी लिहिल्या नाहीत. का?

याचं उत्तरही बाबाजींनीच दिलं. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि हिवाळी अधिवेशन नागपूरला भरू लागलं. थंडीत मुंबईकडचे पाहुणे यायचे, त्यांना शिकारीला न्यायची टूम निघाली. “पाहुन्यायले मुंडकं पाह्यजे होतं जी, भितीवर टांगाले. मादी कोन मोजते मंग? पुढं पुढं मी हात पाडनंच सोडून देल्लं.”

बरं, म्हणून निदान ‘शि.’चा रकाना तरी विश्वासाचा, असं समजून मी नवा आलेख काढायला बसलो. तोही घसरतो! पन्नाशीच्या दशकात एका फेरीला सात-आठ शिंगवाले, १९६२ नंतर एक-दोन, कधी शून्य. म्हटलं चला, घट तर खरी आहे, माळ गेला तर गेला. रात्री दीडला बायकोला उठवून सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला: “तारखा पाहिल्यास का?”

तारखा पाहिल्या. १९५३ ते १९६१ सगळ्या फेऱ्या मे महिन्यातल्या, कोर्टाच्या सुट्टीतल्या. १९६२च्या मे महिन्यात एकच ओळ: ‘ऊन लागले. डॉक्टरांचा हुकूम, उन्हाळा बंद.’ त्यानंतर सगळ्या फेऱ्या दिवाळी ते नाताळ.

आपल्याकडे चितळाच्या माजाचा जोर उन्हाळ्यात असतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बहुतेक मोठे नर पक्क्या शिंगांचे दिसतात. डिसेंबरात त्यातल्या बऱ्याच जणांची शिंगं गळून नवी मखमलीत, म्हणजे कोवळ्या लवदार कातडीखाली असतात. बाबाजींना मुद्दाम विचारलं, मखमलीतल्या नराला बोटं दाखवायचात का? “कवळ्या शिंगाचं मुंडकं कोनी घेत नसे. त्याले कायची बोटं?” म्हणजे नर समोर उभा असूनही वहीत शून्य.

त्यात गवत. पावसाळ्यानंतरचं गवत नाताळपर्यंत छातीएवढं उभं असतं; मे महिन्यात पानझड झालेली, जमीन उघडी, पाणी दोन-तीन ठिकाणीच, आणि जनावर त्या पाण्याभोवती. आपले तोतलाडोहवाले मित्र दर मे महिन्यात ‘शेकड्याने चितळ’ म्हणून फोटो पाठवतात, तेही थोडंफार हेच आहे. धरणाचं पाणी ओसरतं, काठाला हिरवा चारा उघडा पडतो, आणि अख्ख्या पेंचमधली चितळं तिथेच गोळा झाल्यासारखी वाटतात. डिसेंबरात तीच चितळं झाडीत विखुरलेली असतात, तेव्हा कोणी फोटो पाठवत नाही.

थोडक्यात, वर्ष बदललं तेव्हाच ऋतू बदलला, पाहुणे आले आणि मोजायची रीतही बदलली. चितळ किती बदललं ते या तिन्हींच्या खाली दबलेलं आहे.

एक गोष्ट मात्र जमली, ती सांगतोच. रोही! रोही म्हणजे नीलगाय; तो हरणाच्या नाही, कुरंगाच्या (अँटिलोपच्या) कुळातला. त्याची शिंगं गळत नाहीत, बाराही महिने डोक्यावर. चितळाच्या ‘शि.’मधली घट शिंगं गळण्यामुळे असेल तर रोहीच्या ‘शि.’मध्ये ती दिसायला नको. पहाटे चारला रोहीच्या ओळी वेगळ्या काढल्या. १९६२च्या आधी आणि नंतर जवळजवळ सारख्या! चहा न पिता अर्धा तास नुसता त्या दोन रेघांकडे बघत बसलो होतो. (हो, रोही झुडपी रानात आणि शेतात जास्त, गवताचा त्रास त्याला कमी, हे मलाही कळतं. चौसिंग्याने (तोही कुरंगच, पण जंगलातला) हा हिशोब पक्का झाला असता, पण तो एकूण अकरा ओळींतच आहे.)

वहीच्या पानांबद्दल थोडं. १९६४ची दोन पानं गेली आहेत. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने ‘कागदपत्रं टिकवायची खास पाकिटं’ म्हणून जी विकली ती साधी पीव्हीसीची निघाली. नागपूरच्या एप्रिलात कपाटाच्या वरच्या खणात ती पघळली आणि शाई पाकिटाला चिकटली. पाकिटं घ्यायचीच तर पॉलिएस्टरची घ्या, महाग पडतात पण चिकटत नाहीत. आणि पोटमाळ्यावर काहीही ठेवू नका. उलट फिक्या पडलेल्या तारखा मोबाइलनेच वाचता आल्या. पिवळ्या कागदावर तपकिरी झालेली शाई असेल तर फोटोतला फक्त निळा चॅनल वेगळा काढा, कागद काळवंडतो पण अक्षर त्याहून गडद उठतं. १९५८च्या चार तारखा अशाच मिळाल्या. एक पैसा खर्च नाही. गोल्फवाल्यांचा लेझर रेंजफाइंडर मात्र मी विकून टाकतोय. गवतातल्या चितळाऐवजी तो पुढच्या काडीचं अंतर सांगतो.

आता पुढचं. मूळ बेत असा होता की १९५३ ते ६१च्या मे महिन्यातल्या ‘शि.’ ओळी एका बाजूला आणि माझ्या मे महिन्यातल्या फेऱ्या दुसऱ्या बाजूला. मी २०१६ पासून तीच सहा किलोमीटरची वाट दर रविवारी पहाटे चालतोय, पैकी चार किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट. ऋतू एक, वाट एक, जनावर एक. पण माझ्या नोंदीत नर-मादी नाहीच! ‘चितळ १४’, संपलं. मथळे न लिहिल्याबद्दल आबांना नावं ठेवत होतो, आणि माझ्या वहीत तर रकानेच नाहीत.

हे लिहिता लिहिताच सुचलं: फोटो आहेत. दर फेरीचे तीस-चाळीस फोटो जुन्या हार्डडिस्कवर पडून आहेत. त्यातून पक्की शिंगं, मखमल आणि मादी असं परत मोजता येईल. सगळे कळप फोटोत आलेले नसतील, पण मे महिन्यात उघड्यावर बरेच आले असतील. पुढचा महिना यातच जाणार.

आणि मग गेल्या रविवारी आणखी एक गोष्ट घडली, त्यामुळे हाही बेत अर्धवट वाटायला लागला.

बाबाजी म्हणाले, मले घेऊन जा एकदा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे बरे. माझ्या मनात आलं, हीच तर दुहेरी निरीक्षकाची पद्धत! दोघांनी एकाच वाटेने जायचं, एकमेकांना न विचारता मोजायचं, आणि कोणाचं किती सुटलं ते नंतर पाहायचं. बाबाजी पुढे, मी दहा पावलं मागे, आबांच्या जागेवर. अडचण इतकीच की त्यांची बोटं दिसली की मी तिकडेच बघणार. म्हणून ठरवलं की त्यांनी बोटं छातीशी धरायची आणि मोजणी त्यांच्या नातवाने लिहायची. नातू वैतागला होता, पण आला.

पावणेसहाला पांदणीवर. मोहाची फुलं पडताहेत, खाली माणसं टोपल्या घेऊन. वेचणारे नसतील तिथे चितळ असतंच, मोहाचं फूल त्यांना फार आवडतं. एका संत्र्याच्या बागेला आता झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) लागलंय, त्यामुळे कळपाची जुनी वाट बदलून नाल्याकडून झाली आहे. बागवाल्याने सांगितलं की जागलीला जायचं त्याने बंद केलं, मशीन काम करतं. शेजाऱ्याच्या हरभऱ्यात मात्र यंदा दुप्पट नासाडी. म्हणजे माझ्या वाटेवर चितळ कमी दिसलं तर ते कमी झालं की नाल्याकडे वळलं? हा आणखी एक रकाना.

फेरी संपली तेव्हा माझ्या वहीत शिंगवाले २, माद्या ५. नातवाच्या कागदावर शिंगवाले ३, माद्या ९.

मला वाटलं बाबाजींनी दोनदा मोजलं. परत मागे गेलो. घाणेरीच्या जाळीपाशी ते थांबले आणि नुसती हनुवटी पुढे केली. मला काही दिसेना. जाळी, सावली, एक वाळकी फांदी. बऱ्याच वेळाने त्या फांदीने कान हलवला. नर बसलेला होता, आम्ही गेलो-आलो तरी उठला नव्हता.

“वकीलसाबलेही नाही दिसत होते,” बाबाजी समजूत काढल्यासारखं म्हणाले. “म्हनून तं मी पुढं राहू.”

म्हणजे वहीतले १९५७चे नऊ शिंगवाले आबांच्या डोळ्यांचे नाहीत, बाबाजींच्या डोळ्यांचे आहेत. माझे दोन त्यांच्याशेजारी मांडले तर घट दिसणारच, जंगल तसंच्या तसं असलं तरी. घट झालीच नाही असं बाबाजी अजिबात म्हणत नाहीत. पीकसंरक्षणाच्या बंदुका, गुरांच्या बुळकांडी रोगाची साथ, जीप आणि सर्चलाइट, हे सगळं त्यांनी परतीच्या वाटेवर क्रमाने सांगितलं. बंदुकांबद्दल तर म्हणाले की परवान्याच्या शिकाऱ्यांनी मारली त्याच्या कितीतरी पट चितळं शेताच्या धुऱ्यावर पडली, आणि ती कोणाच्याच वहीत नाहीत. पण वहीतून दिसते ती घट वेगळी, आणि झाली ती घट वेगळी.

सध्या ठरलंय ते असं: मे महिन्याचे चारही रविवार बाबाजी पुढे, मी मागे, नातू कागदावर (त्याला दर फेरीला समोसा आणि पेट्रोल). निदान माझं किती सुटतं याचा एक ढोबळ गुणक मिळेल, मग २०१६ पासूनच्या नोंदींना तो लावून पाहू. बाबाजींचं एका डोळ्याचं आजचं दिसणं आणि पंधराव्या वर्षीचं दिसणं यांत फरक किती, याचा मार्ग मला सुचलेला नाही. कोणाला सुचला तर सांगा.

ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत त्यांनी दोन गोष्टी लगेच पाहा: तारखा कोणत्या महिन्यातल्या आहेत, आणि पुढे कोण चालत होतं. उमरेडकडच्या आपल्या मित्राकडे मामांची वही आहे, तिच्यातल्या ‘मो.’ रकान्याला आम्ही दोघं ‘मोहाखाली’ समजत आलोय. मित्रा, आधी कोणाला तरी विचारून घे.

रविवारची ओळ मी नव्या वहीत उतरवली आहे. बाबाजींचा आकडा, माझा आकडा, शेजारी शेजारी. वर मथळा अख्खा लिहिला: शिंगवाले पक्के, शिंगवाले कवळे, माद्या, पुढे कोण. तुरीची पिशवी बाबाजींनी ठेवून दिली होती, ती आणली. त्यात पाव किलो मोहफूलं जास्तीची निघाली.