पोटातली फूक

१६ मे, रात्री साडेअकरा. अमळनेर.

गच्चीची फरशी अजून चटके देते आहे. दिवसभर उन्हाने जीव नकोसा केला. तरी झोपण्याआधी हे लिहायचंच होतं. आज हेवी मेटल गायक रॉनी जेम्स डिओची पुण्यतिथी.

१६ मे २०१० ला रविवार होता, आणि आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. सकाळी आजोबांच्या नावाने घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. रात्री होस्टेलच्या मित्राचा मेसेज आला, डिओ गेला. पोटाचा कॅन्सर, वय ६७. माझे वडील, आप्पा, बॅण्डबरोबर लग्नाच्या ऑर्डरवर गेलेले, घरात सांगावं असं कुणी नव्हतं. मी घागरीपाशी जाऊन बसलो. पितरांच्या दिवशी गेला, एवढंच मनात येत राहिलं. तेव्हापासून आखाजीला घागरीतलं पाणी बघितलं की आजोबांच्या जोडीने तोही आठवतो.

हेवी मेटल म्हणजे ओरडणं, असं इथे सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. कॉलेजात गाण्याचा प्रयत्न केला तेव्हा मी नुसता गळा ताणत होतो. दोन गाण्यांत आवाज बसायचा, आठवडाभर मिठाच्या गुळण्या. मग कळलं की डिओ गाणं शिकलेलाच नव्हता. तो लहानपणी ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न वाजवायचा. श्वास कसा भरायचा, कसा धरायचा, हे त्याला त्या पितळी वाद्यांनी शिकवलं, असं तो स्वतः सांगायचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या बापाने चाळीस वर्षं लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवला. नव्या पोरांना ते एकच वाक्य सांगायचे, "पोटमाईन फुक रे, गालमाईन नको." मी ते लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि गळा फाडत बसलो होतो.

डिओचं मूळ आडनाव पदावोना. घराणं इटालियन, वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड नावाच्या लहान गावात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तो पोरांच्या बॅण्डमध्ये होता. १९६८ मध्ये गाडीच्या अपघातात बरोबरचा गिटारवाला गेला. पुढे 'एल्फ' हा त्याचा बॅण्ड डीप पर्पल या मोठ्या इंग्लिश रॉक बॅण्डच्या आधी स्टेजवर उभा राहायचा. लोक दुसऱ्यासाठी आलेले असायचे, हा गात असायचा. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोरने त्याला आपल्या नव्या 'रेनबो' बॅण्डमध्ये घेतलं ते १९७५ मध्ये. तोवर तो ३२ वर्षांचा झाला होता. वरातीत कुणी वाजवणाऱ्याचं नाव विचारत नाही, तशी त्याची सतरा-अठरा वर्षं गेली. त्याच्या नावापेक्षा मला ती वर्षं मोठी वाटतात.

१९७९ मध्ये तो ब्लॅक सबाथ या बॅण्डमध्ये गेला, पुढच्या वर्षी 'हेवन अँड हेल' हा अल्बम आला. आधीचा गायक ऑझी ऑस्बोर्नच्या जागी उभं राहणं सोपं नव्हतं. ऑझी दोन बोटांची शांतीची खूण करायचा, ती उचलणं डिओला पटेना. मग त्याने आपल्या आजीची खूण केली. तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं अंगठ्याखाली. ती म्हातारी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. आज जगभरच्या मैफलींत पोरं तीच बोटं उंचावतात. माझी आजी मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि विचारायची, "कोनी नजर लागनी रे तुले?" मिरच्यांचा ठसका आला नाही, तर नजर जबर. डिओची आजी मला कधीच परकी वाटली नाही.

आज जेवण झाल्यावर आप्पांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांचे पुढचे दात गेले तेव्हापासून ट्रम्पेट पेटीत आहे. कवळीवर ओठांची पकड बसत नाही. आधी १९७६ चं 'रेनबो'चं गाणं लावलं, आठ मिनिटांचं. भाषा त्यांना कळत नाही. त्यांनी फक्त श्वास ऐकला. एका लांब सुराला माझं मनगट धरलं आणि सूर संपेपर्यंत सोडलं नाही.

मग २००९ चं लावलं, 'द डेव्हिल यू नो' या अल्बममधलं. तेव्हा डिओ ६६ चा होता. वर्ष मी सांगितलं नव्हतं. आप्पा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हा तोच आहे, पण आता फूक जपून वापरतोय. सूर तेवढाच भरतो, पण आधी थांबतो. मीही शेवटची दोन वर्षं असंच केलं. बॅण्डमास्तरांना कळू दिलं नाही."

आम्हालाही कळलं नव्हतं. तेव्हा मी प्रत्येक सुट्टीत घरी यायचो, त्यांना वरातीत वाजवताना बघायचो.

पहिलं पुन्हा लाव म्हणाले. फोन अजून त्यांच्याकडेच आहे.