वॉल हंग कमोड आठ सेंटिमीटर खाली आणताना

बाथरूम नवं करताना वॉल हंग, म्हणजे जमिनीला न टेकता भिंतीवर टांगलेल्या, कमोडचा हट्ट माझाच होता. खालून पोछा सरळ आरपार फिरतो, कडेकोपऱ्यात घाण साठत नाही. टाइल्स लागल्या, सीट बसली, आणि आई पहिल्यांदा बसली तर तिच्या टाचा जमिनीला टेकेनात. टेप लावून पाहिली: फरशीपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत ४९ सेंटिमीटर. साधारणपणे ही उंची ४० ते ४३ ठेवतात.

प्लंबर म्हणाला, "ताई, आजींच्या गुडघ्यांना उंचच बरं." त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमांत सीटची उंची १७ ते १९ इंच सांगितली आहे, व्हीलचेअरवरून सरकायला ती सोयीची पडते. पण आईची उंची चार फूट दहा इंच, आणि तिच्या गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत अंतर भरतं जेमतेम ३७ सेंटिमीटर. पाय लोंबकळले की सीटची कड मांडीत रुतते, मुंग्या येतात, जोर करायला आधार मिळत नाही. उतरताना तर आधी पुढे घसरायचं आणि मग पाय टेकायचे, तेही ओल्या फरशीवर!

हे झालं कसं? कमोड जिच्यावर टांगतात ती कन्सील्ड टँकची (भिंतीत लपवलेल्या फ्लशच्या टाकीची) फ्रेम फरशी बसण्याआधीच उभी करावी लागते. प्लंबरने उघड्या स्लॅबवरून माप घेतलं आणि कोबा, वॉटरप्रूफिंग, टाइल मिळून जितकी भर पडेल तितकी अंदाजाने धरली. टाइलवाल्याने मात्र भर बरीच कमी केली, कारण बाथरूमची फरशी बेडरूमपेक्षा खाली राहायला हवी आणि जाळीकडे ढाळही मिळायला हवा. आपापल्या जागी दोघंही बरोबर. आमच्या फ्रेमवर एक मीटरची खूण छापलेली होती, आणि ती तयार फरशीपासून बरोबर एक मीटरवर यायला हवी असते. फ्लश प्लेट (भिंतीवरचं फ्लशच्या बटणांचं झाकण) काढून, बॅटरी मारून आत टेप सोडली तर खूण १०८ सेंटिमीटरवर निघाली. हा आकडा दाखवल्यावर ठेकेदाराशी वादच उरला नाही. मजुरी त्याने सोसली, सामान आम्ही आणलं.

फोडाफोड टाळायचे उपाय आधी सगळे चाचपले. पायाखाली स्टूल ठेवलं तर रात्री अंधारात तेच अडखळणार. फरशी उचलावी तर पाणी बेडरूममध्ये येणार. दुसरा पॉट (कमोडचं भांडं) आणून बघू म्हटलं, तर फरक पडत होता दोनएक सेंटिमीटरचा. म्हणजे फ्रेमच खाली घ्यायची.

इथे आमचं नशीब बरं. काही घरांत पॉटच्या मागचा ११० मिमीचा पाइप थेट भिंतीतून बाहेर डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) जातो. तसं असतं तर तो खाली घेताना डक्टमधल्या जोडापर्यंतचा ढाळ गेला असता, आणि मैला पाइपातच अडकून राहिला असता. आमच्याकडे एल्बोनंतर (वळणाच्या जोडानंतर) पाइप आधी उभा खाली उतरत होता. त्या उभ्या तुकड्यातून आठ सेंटिमीटर कापले की काम झालं.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती: टँक, बोल्ट, फ्लश पाइप सगळं एकाच फ्रेमवर असल्यामुळे फ्लश प्लेटही तितकीच खाली येते. मग प्लेटच्या टाइलपासून खालपर्यंतचा सगळा पट्टा काढावा लागला. टाइल्सचा एक बॉक्स जास्तीचा ठेवला होता म्हणून निभावलं, नाहीतर शेड जुळवत दुकानं पालथी घालायची वेळ होती. सोसायटीत दुपारी ठोकाठोकीला बंदी, त्यामुळे कटर चालायचा तो सकाळी आणि संध्याकाळीच. बाथरूममधली ती पांढरी धूळ स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही बसली.

फ्रेमचे पाय सैल करून ती खाली सरकवली. यावेळी माप तयार फरशीवरून घेतलं, आणि पाणसळ मी स्वतः आडवी-उभी लावून पाहिली. टँकला पाणी आणणारी सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपची) लाइन वाढवली. फ्रेमवर बोर्ड लावून भिंत बंद करण्याआधी टँक भरून ठेवला, बादलीने पाणी सोडलं, सांध्यांवर कोरडा टिश्यू फिरवून पाहिला. प्लंबरला घाई होती, पण इथे मी हटले नाही. भिंतीच्या आत गळती लागली तर खालच्या मजल्याच्या छताला ओल आल्यावरच कळते.

नव्या टाइल्स नीट सुकेपर्यंत पॉट बसवायचा नाही असं ठरवलं होतं, तोवर आईची सोय दुसऱ्या बाथरूममध्ये. पॉट आणि टाइलमध्ये फोमची गादी घातली. नट दोन्हीकडून आलटून पालटून थोडे थोडे आवळले, कारण एकीकडेच जोर दिला तर सिरॅमिकला तडा जातो. आता सीटची उंची ४१ आहे आणि आईचे तळवे जवळजवळ पूर्ण टेकतात. शेजारी पकडायला स्टीलचा बारही लावून घेतला.

शेवटी सिलिकॉन. प्लंबर पॉटभोवती गोल फिरवायला निघाला होता, पण खालची बाजू मी मोकळी ठेवायला लावली. "दिसायला बरं नाही दिसणार, ताई," असं तो पुटपुटला. म्हटलं, राहू दे. मागच्या जोडातून थेंब झिरपला तर त्या फटीतून तो फरशीवर येईल आणि लगेच दिसेल.